गाडीनं की मोटारीनं

"यंदा आला नाहीस तर मी आपली चंद्राला ओवाळून मोकळी होते," असं आत्यानं फोनवर बाबांना सांगितलं.

हे आमच्याकडे कोणी गमतीत म्हणत नाही. ज्या बाईला भाऊ नाही, ती भाऊबीजेच्या संध्याकाळी अंगणात जाते आणि चंद्रालाच भाऊ मानून ओवाळते. सख्खा भाऊ रायपुरात बसलेला असताना नागपूरच्या बहिणीनं चंद्राकडे वळायचं, म्हणजे तो भाऊ तिनं हिशेबातून काढला. बाबा रिसीव्हर धरून उभेच राहिले. आत्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे एरवी ते फोनवर ओरडून बोलत. त्या दिवशी हळूच म्हणाले, "येतो ताई." पलीकडून ती "काय? काय म्हणतो?" करत राहिली आणि मग तेच बाबांना घसा ताणून सांगावं लागलं, "येतो! यंदा पक्का येतो!"

आदल्या वर्षी ते गेले नव्हते. मी रिझर्वेशन काढून आणलं होतं. डब्याच्या बरोबर मधली सीट मिळाली होती. तिकीट हातात घेऊन बाबांनी विचारलं होतं, "दाराजवळची नाही भेटली?" मी म्हणालो, दिवाळीच्या गर्दीत मिळाली तीच मोठी गोष्ट आहे, आणि संडासाजवळची जागा कोण मागून घेतं? त्यांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं. निघायच्या सकाळी म्हणाले, "डोकं दुखून राहिलं माझं. तुम्ही जा." कोणीच गेलं नाही. आत्याचा राग तेव्हापासूनचा.

आणि त्या रागाचं खरं कारण मी आहे, असं मी धरून चाललो होतो. माझा स्वभावच तसा आहे. बायको ताट जरा जोरात ठेवते तर मी मनात सकाळपासूनचं माझं बोलणं तपासायला लागतो. पण या बाबतीत मला पुरावाही सापडला होता. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आमच्या कार्यालयात माणसं कमी आणि फायली जास्त झाल्या, आणि त्या गडबडीत मला बढती मिळाली. मी समता कॉलनीत फ्लॅट घेतला. तोवर आम्ही रुळांपलीकडच्या जुन्या भाड्याच्या घरात राहत होतो. बाबा रेल्वेत गार्ड होते, मालगाडीवर. त्यांची सगळी नोकरी त्या घरातून झाली, आई त्याच घरात गेली. शेजारीपाजारी सगळे रेल्वेचे, बहुतेक विदर्भातलेच. संध्याकाळी ओट्यावर बसलं की गाड्या मोजता यायच्या. तिथून मी त्यांना उचलून आणलं होतं, विचारल्यासारखं करून, पण खरं तर न विचारताच.

फ्लॅटमध्ये आल्यावर बाबांनी बाहेर जाणं जवळजवळ बंद केलं. लग्नाला चला म्हटलं की "तुम्ही जा, मी घर पाहतो." गणेशोत्सवात मराठी मंडळाचं नाटक असायचं, त्याला ते कधी चुकत नसत, तेही सुटलं. दिवाळीच्या खरेदीला सदर बाजारात या म्हटलं तर "त्या गर्दीत काय ठेवलं?" हॉलमध्ये पॅसेजच्या तोंडाशी त्यांनी आपली खुर्ची ओढून घेतली होती आणि दिवसभर तिथं बसायचे. मला ती खुर्ची माझ्याविरुद्धच्या उपोषणासारखी वाटायची. विचारायची हिंमत होत नव्हती. विचारलं आणि त्यांनी "हो, रागावलोच आहे" म्हटलं असतं, तर मी काय करणार होतो?

म्हणून आत्याचा फोन आला तेव्हा मी ठरवलं, यंदा त्यांना नागपूरला पोचवायचंच. आणि पोचवायचं तर नीट, आरामात, त्यांना कुठं बोट ठेवायला जागा राहणार नाही असं.

आता कशानं, हा प्रश्न आला. ऑफिसात विचारलं तर प्रत्येकाचं वेगळं मत. कोणी म्हणे, बस धरा, आता चांगल्या व्हिडिओ कोच सुटतात. पण त्या बसचा ड्रायव्हर आपल्या ठरलेल्या ढाब्याशिवाय कुठं थांबत नाही, आणि आमच्या मुलीला बसमध्ये भिलाईच्या आतच उलटी होते. रेल्वेची तिकिटं मी काढून ठेवली होती, पण सगळी वेटिंगवर. ती यादी पुढं सरकेल असं रोज वाटायचं आणि रोज जाऊन पाहिलं की तीच जागा. तिसरा उपाय म्हणजे भाड्याची मोटार. राजधानी झाल्यापासून कॉलनीत ट्रॅव्हल्सची दुकानं एकाला एक लागून उघडली होती. पण तिथंही अडचण होती: राज्याच्या वाढदिवसाचा सोहळा त्याच सुमारास असायचा आणि बऱ्या मोटारी सगळ्या साहेब लोकांच्या सेवेत लागायच्या. एका दुकानदारानं मेहेरबानी केल्यासारखी एक सुमो देऊ केली. पांढरी, आत सीटांना टॉवेलची खोळ. मी ती पाहून घरी आलो. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर आत्याच्या गल्लीत ती सुमो थांबल्याचं चित्रही तरळून गेलं. त्याची मला लगेच लाज वाटली, पण चित्र काही पुसलं गेलं नाही.

घरात शिरता शिरताच मी बाबांना विचारलं, "बाबा, नागपूरला कशानं जायचं? बसनं की गाडीनं?"

"गाडीनं," ते म्हणाले. "हे काय विचारणं झालं?"

मला इतकं बरं वाटलं! मी दुसऱ्याच दिवशी वेटिंगची तिकिटं रद्द केली आणि सुमो पक्की केली.

हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल, पण माझ्या आलं नाही, आणि रेल्वेवाल्याचा मुलगा असून आलं नाही, याची मला अजून कमाल वाटते. बाबांच्या पिढीच्या रेल्वेच्या माणसाला गाडी एकच. रुळांवरून जाते ती गाडी. बस ती मोटार, जीप ती मोटार, मुख्यमंत्री बसतात तीसुद्धा मोटारच. मीही लहानपणी असंच बोलायचो. पण नव्या राजधानीत दोन-तीन वर्षं काढल्यावर माझ्या कानांत तो शब्द कधी बदलला ते मला कळलं नव्हतं. ऑफिसात "गाडी लागली का, गाडी आली का" हे दिवसभर चालायचं आणि ते काही रेल्वेबद्दल नसायचं.

भाऊबीजेच्या सकाळी बाबा आंघोळ करून, पांढरा झब्बा घालून, आत्यासाठी घेतलेली साडी पिशवीत घालून तयार होते. खाली हॉर्न वाजला. आम्ही उतरलो. बाबा सुमोच्या बाजूनं पुढं गेले आणि फाटकाशी उभे राहून रस्त्याकडे पाहायला लागले.

"बाबा, इकडे. बसा ना."

"स्टेशनाले जायला एवढी मोठी मोटार कायले सांगितली? रिक्षा नव्हती?"

"स्टेशनाला नाही, नागपूरला. तुम्हीच म्हणाले ना, गाडीनं जाऊ."

बाबांनी सुमोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही गाडी हाये?"

"मग काय आहे?"

"ही मोटार हाये. गाडी म्हणजे गाडी! तिकिटं कुठं हायेत?"

"रद्द केली."

मुलगी खुसखुसली. "आजोबा, ये भी तो गाडी ही है," ती म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. बायकोनं तिला डोळ्यांनी गप्प केलं. बाबांचा चेहरा उतरला होता. रागावण्यापेक्षा ते घाबरल्यासारखे दिसत होते, पण हे मी आज म्हणतो. तेव्हा मला फक्त राग दिसला, कारण मी तोच शोधत होतो.

"मी नाही येत," ते म्हणाले. "तुम्ही जा. साडी घेऊन जा. ताईले सांगा, तब्येत बरी नाही."

"बाबा, ती चंद्राला ओवाळेल."

मी हे बोलायला नको होतं, पण दुसरं काही सुचलं नाही. बाबा फाटकाचा गज धरून उभे राहिले. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. कोणती गाडी कधी सुटते हे त्यांना पाठ होतं आणि सणाच्या दिवशी जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते हेही पाठ होतं. बायकोनं थर्मासमधला चहा ओतून दिला तर त्यांनी कप परत केला. "चहा नको. पाणीबी नको. चला." आणि ते मधल्या सीटवर खिडकीशी जाऊन बसले, गुडघे जवळ घेऊन, साडीची पिशवी मांडीवर.

चहा नाही, पाणी नाही. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो आणि मनातल्या मनात त्यांची क्षमा मागत राहिलो.

ड्रायव्हर माझ्याच वयाचा, जाडसर, राजनांदगावकडचा. त्याच्या आईकडचे लोक मराठी, त्यामुळे त्याला आमचं बोलणं कळत होतं, पण बोलायचा हिंदीत. उरल्याच्या कारखान्यांतून निघालेले सळयांचे ट्रक रस्ता अडवून चालले होते. सळयांची टोकं मागं लोंबत असत आणि त्यांना लाल फडकं बांधलेलं असे. ड्रायव्हर त्यांच्या मागून सावकाश निघत होता. गाडी चांगली चालवत होता, पण थांबत फार होता. भिलाई ओलांडली नाही तोच रस्त्याच्या कडेला सुमो लावून उतरला. झाडामागे गेला, आला, निघालो. दुर्ग मागं पडलं आणि पुन्हा थांबला. मला वाटलं, तंबाखूची सवय असेल. मी मागं वळून पाहिलं. बाबा डोळे मिटून बसले होते, ओठ घट्ट, कपाळावर घाम. कार्तिकातल्या सकाळी घाम!

"बाबा, बरं वाटतं ना?"

"हव," इतकंच.

"काही हवंय का?"

"चालू दे रे तू."

बायको म्हणाली, "जरा पाय मोकळे करा बाबा, खाली उतरून." त्यांनी मान हलवली. नाही. सून आणि नात शेजारी बसलेल्या, ड्रायव्हर परका, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतात धान कापणाऱ्या बाया. माणूस उतरून कुठं जाणार? पण हे मला कोण सांगणार होतं?

राजनांदगावच्या पुढं ड्रायव्हरनं पुन्हा वेग कमी केला तेव्हा माझा तोल गेला. दिवस लहान झाले होते, त्यात भाऊबीजेचा चंद्र मावळतीला थोडाच वेळ टिकतो. आत्याचं अंगण मला दिसायला लागलं होतं.

"भैया, ऐसे हर गाँव में रुकोगे तो नागपूर कब पहुँचेंगे? बाबूजी की बहन राह देख रही है. तुमको गुटखा ही खाना है तो चलते-चलते खा लो."

ड्रायव्हरनं सुमो बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागं वळून, मला नाही, बाबांना हात जोडले.

"बाबूजी, नाराज मत होना. गुटखा नहीं खाता मैं. शुगर है मेरे को. हर थोड़ी देर में उतरना पड़ता है. रोक के रखता हूँ तो आँख के सामने अँधेरा आ जाता है. मालिक को बोला नहीं हूँ, बोलूँगा तो गाड़ी छीन लेगा."

मला माझीच लाज वाटत होती. मग मागून बाबांचा आवाज आला, अगदी वेगळा, जवळजवळ आनंदाचा.

"तुले बी?"

एवढंच. पण त्या 'बी'नं मला मुळापासून हलवलं. तुलाही. म्हणजे आणखी कोणाला?

ड्रायव्हरला लगेच कळलं. "हव बाबूजी," तो म्हणाला. "आओ ना, साथ में चलते हैं."

"चल. आता थांबवलीच हाये तर."

दोघं उतरले. एक जाडा, एक वाळलेला, बांधावरून एकामागं एक, बाभळीच्या आडोशाला. साडीची पिशवी बाबांनी जाता जाता माझ्या मांडीवर टाकली होती. ते परत यायला बराच वेळ लागला. मी पिशवी धरून बसलो होतो. बायको मागून हळूच म्हणाली, "मला शंका होती. घरात पॅसेजच्या तोंडाशी बसतात ते काय हवा खायला? पण सासऱ्यांबद्दल सून कशी बोलणार हो? मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मला काहीच माहीत नव्हतं. खुर्ची, लग्नं, नाटक, सदर बाजार, दाराजवळची सीट, डोकेदुखी, सगळं एकाच रांगेत येऊन उभं राहिलं, आणि त्या रांगेत मी कुठंच नव्हतो.

बाबा परत आले ते दुसरेच बाबा होते. झब्बा झटकत म्हणाले, "आण तो चहा." आणि बसल्याबरोबर ड्रायव्हरला सांगायला लागले, "पाह्य, मालगाडीच्या मागच्या डब्यात, गार्डाच्या, काही सोय नव्हती. रात्र रात्र चालायची गाडी. पण तेव्हा वय होतं. आता हे वय झालं."

"बाबूजी, आप गार्ड थे?"

"होतो ना. म्हणून सांगतो, गार्ड आन् ड्रायव्हर दोघंही मोकळे झाले म्हणजेच गाडी सुटते. चल, झेंडी दाखवली मी."

"ये मोटार है बाबूजी," ड्रायव्हर हसला. "आप ही तो सबेरे बोल रहे थे."

"चूप बैस बे!" बाबा म्हणाले, पण खूश होते.

त्यापुढं त्यांनी आपसात एक खूण ठरवली. बाबांना वाटलं की ते म्हणायचे, "सिग्नल," आणि ड्रायव्हरला वाटलं की तो विचारायचा, "बाबूजी, सिग्नल देखूँ क्या?" मुलीला हा खेळ इतका आवडला की झाड दिसलं की तीच ओरडायची, "सिग्नल!" आणि बाबा म्हणायचे, "नाही पोट्टी, हा हिरवा हाये. जाऊ दे."

राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. अडकलो. बाबा उतरले आणि मला म्हणाले, "तूबी ये." आम्ही दोघं रस्त्याखाली उतरून शेताच्या कडेला उभे राहिलो. बापाशी असं शेजारी उभं राहण्याचा प्रसंग माझ्या लहानपणानंतर आला नव्हता. अशा वेळी एकमेकांकडे पाहायचं नसतं, त्यामुळे बोलणं सोपं जातं.

"बाबा, काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? पोराले सांगू का, का मले धरवत नाही?"

"डॉक्टरला दाखवलं असतं."

"डॉक्टर कॉलनीतलाच. त्याच्या दवाखान्यात अर्धी कॉलनी बसलेली रायते. सगळ्यांसमोर विचारन तो."

समोर कापलेल्या धानाचे पेंढे बांधावर रचले होते. मग मी ते बोललो, जे इतके दिवस गिळून बसलो होतो.

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावले. जुनं घर सोडायला लावलं म्हणून."

"कोणतं घर?"

"आपलं. रुळांपलीकडचं."

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलंच. "अबे, त्या घरात संडास कुठं होता? अंगणाच्या पार टोकाले! पावसात छत्री घेऊन जात होतो मी. तुह्या फ्लॅटात खुर्चीवरून उठलं का समोर दार. मी तर मजेत आहो तिथं. रागावन काहून?"

मला हसायला आलं. इतकं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि बाबांना ते दिसू नये म्हणून मी ट्रकांच्या रांगेकडे पाहिलं. ज्या गोष्टीसाठी मी दोन-तीन दिवाळ्या स्वतःला गुन्हेगार समजत होतो, ती त्यांच्या दृष्टीनं माझी सगळ्यात चांगली करणी होती.

"चाल, रांग सरकली," बाबा म्हणाले.

पण रांग सरकायला वेळ गेलाच. देवरीला जेवायला थांबलो तेव्हा बायकोला आठवलं. "बाबा, आत्यांना तुम्ही काय कळवलं होतं?"

"सांगितलं, गाडीनं येऊन राहिलो म्हणून."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्याही रेल्वेवाल्याच्याच घरातली. तिनं आपल्या मुलाला स्टेशनवर धाडलं असणार. ढाब्याशेजारच्या फोनबूथवरून मी लावून पाहिलं. घंटा वाजत राहिली. मुलगा स्टेशनवर आणि तिला घंटा ऐकू जात नाही. गाडी येईल, सगळे डबे रिकामे होतील, तिचा भाऊ उतरणार नाही, आणि मग ती निरांजन लावेल.

बाबांनी पानातली पोळी अर्धी सोडली. "सिग्नल आता नाही पाह्यचा," ते ड्रायव्हरला म्हणाले. "एकदम नागपूर."

"आपसे होगा बाबूजी?"

"होईन."

साकोली, भंडारा. ड्रायव्हर एका जागी थांबला, पण धावतच गेला आणि धावतच आला. बाबा उतरले नाहीत. ते खिडकीतून आकाश पाहत होते. नागपुरात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. अजनीच्या वस्तीत आत्याच्या गल्लीच्या तोंडाशीच माझा आतेभाऊ भेटला. सुमोकडे त्यानं लक्षच दिलं नाही. मी हाक मारली तेव्हा दचकला.

"अरे! मी स्टेशनवर सगळी गाडी पाहिली! मामा कुठं आहेत? आईनं ताट घेतलं बाहेर!"

"अजून ओवाळलं तर नाही ना?"

"कशी ओवाळणार? चंद्र शेजाऱ्याच्या टाकीमागं गेलाय. ती तिथंच उभी आहे, टाकी सोडून बाहेर कधी येतो म्हणून."

आत्या अंगणात काठीवर भार देऊन उभी होती. एका हातात ताट, त्यातलं निरांजन वाऱ्यानं वाकत होतं, आणि नजर शेजारच्या गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीवर. बाबा सुमोतून उतरले. मला वाटलं, आता ते तिच्या पायाशी वाकतील. ते भराभर चालत तिच्याजवळ गेले, "ताई, आलो, थांब जरा," म्हणाले, आणि तिला ओलांडून थेट घरात गेले. न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज बाहेर आला.

आत्या ताट धरून तशीच राहिली. "हा भाऊ बाप्पा!" ती म्हणाली. "याच्यापेक्षा चंद्र बरा. निदान तोंड दाखवून पळत नाही!"

पण तिनं ताट टाकीकडून घराकडे वळवलं होतं.

आत पाट मांडला गेला. बाबा हात पुसत येऊन बसले. तिनं कुंकू लावलं, अक्षता डोक्यावर टाकल्या, ओवाळलं. बाबांनी साडी दिली. मग ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"आता सांग. मागच्या वर्षी काहून नाही आला?"

बाबांनी इकडंतिकडं पाहिलं. सगळे उभे होते. ते पुढं वाकले आणि तिच्या कानात काही तरी पुटपुटले.

"काय?"

पुन्हा पुटपुटले.

"मोठ्यानं बोल ना! काय म्हणतो? लघवीचं?"

हे शेजारच्या गच्चीपर्यंत गेलं असेल. बायकोनं पदर तोंडावर धरला. माझी मुलगी लोळायची बाकी राहिली. दारातल्या ड्रायव्हरनं आकाशाकडे पाहिलं. बाबा क्षणभर पाटावर ताठ बसले आणि मग, काय करणार, तेही हसले.

"एवढ्यासाठी?" आत्या म्हणाली. "एवढ्यासाठी माझी भाऊबीज बुडवली? अरे, मले एक वाक्य सांगितलं असतं. मी इथं वर्षभर देवाजवळ रडून राहिले, का भावाचं काय चुकलं माझ्याकडून!"

म्हणजे तीसुद्धा. मी एकटाच नव्हतो असं समजणारा.

मग ती दोघं सुरू झाली. तिचे गुडघे, त्यांचं हे, कोणता काढा घ्यायचा, कोणत्या नातेवाइकाचं ऑपरेशन झालं आणि तो आता कसा खडखडीत आहे. बाबांनी रायपूरला गेल्यावर डॉक्टरकडे जाण्याचं कबूल केलं, आमच्या कॉलनीतल्या नाही, दुसऱ्या भागातल्या, आणि तेही "पोरगा संगं आला तर." ड्रायव्हरला आत्यानं आत बोलावून फराळाचं ताट दिलं. लाडू बाजूला ठेव, शुगर आहे, असं बाबांनी तिला दोनदा बजावलं.

मी अंगणात येऊन ओट्यावर बसलो. दिवसभर गाडीत आखडलेली पाठ दुखत होती, पण अंग हलकं होतं. आतून आत्याचा चढा आवाज आणि बाबांचं हसणं येत होतं. बायको पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. मला असं एकटं बसलेलं पाहिलं की तिला काळजी वाटते, तिला माझा स्वभाव माहीत आहे.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

आणि खरंच काही नव्हतं.